मरीमायचा गाडा

त्या पावसाळ्यात तापीकाठच्या ज्या गावात मी आरोग्यसेविका होते, तिथं जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. पाण्याचा नमुना नंदुरबारला पाठवला, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते घरोघर सांगत फिरले. तरी रोज कुणीतरी नवीन आजारी पडायचं.

एका दुपारी शिवेवर माणसं जमलेली दिसली. वाटेच्या मधोमध हातभर लांबीचा लाकडी गाडा होता. त्यात हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू. आणून ठेवणारं कुणी दिसत नव्हतं. गावातले सगळ्यांत म्हातारे बाबा म्हणाले, हा मरीमायचा गाडा. त्यांच्या आज्याच्या वेळी पटकी आली की देवीला गाड्यात बसवून पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचे; ते गाव त्याच्या पुढच्या. दवाखाना आला, नळ आले, तसे गाडे बंद झाले. हा कुणी केला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चौघांनी तो पुढच्या शिवेवर ओढत नेला. त्या गावाला सावध करायला मी स्कूटीवर त्यांच्या आधीच पोचले, पण साथ तिथं आदल्याच दिवशी आली होती. एका ओट्यावर लहान मुलगी निपचित पडली होती, अंगात पिवळा फ्रॉक. चमच्यानं पाणी पाजत मी तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात पाठवलं.

आठवड्यानं गाडा परत आला. त्याच जागी, तोंड गावाकडं. बांगड्या वाढल्या होत्या आणि त्यांच्यावर घडी करून ठेवलेला पिवळा फ्रॉक होता. तिथूनच त्या गावच्या आशाताईला फोन लावला. मुलगी बरी होऊन घरी आली होती. फ्रॉक तिच्या आईनं ठेवला होता. देवीनं तो घ्यावा आणि पोरीला सोडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आता हा न्यायचा कुठं, अशी कुजबुज सुरू झाली. बाबांनी दोरी हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "आते कितलं फिरशी, माय? आठेच ऱ्हाय." देवीला इथंच राहायला सांगून गाडा त्यांनी स्वतःच्या ओसरीत नेऊन ठेवला. कुणी आडवं आलं नाही.

नंतर गटारीखाली फुटलेली पाइपलाइन सापडली. दोन्ही गावांचं पाणी तिच्यातूनच जायचं. ती बदलली, तशी साथ ओसरली.

पुढच्या वर्षी डेंग्यूच्या तपासणीला मी बाबांच्या घरी गेले. ते तोवर वारले होते. ओसरीत गाड्यासमोर पितळेची वाटी होती आणि तिच्यातल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. देवीला पाणी ठेवा, पण रोज बदला, असं मी सुनेला सांगितलं.

ती दारातच उभी राहिली. "त्यामा पानी आम्ही नही टाकतस, ताई," म्हणाली.

मी वाटी अंगणात उपडी केली, फडक्यानं कोरडी पुसली आणि पुढचं घर गाठलं.