मेणात जपलेला तुकडा

"पह्यले पाहू, मंग बोलू," असं म्हणत चाचा काचेची पट्टी खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि मगच ती माझ्याकडे द्यायचे. चंद्रपूरच्या ज्या रुग्णालयात मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले, तिथले ते सर्वांत जुने तंत्रज्ञ. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि रंगवायचे, हे त्यांचं काम. निदान माझं. निदान मी तरी तसं समजत होते.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यावाचून साहेबाचं पान हलत नाही आणि हे ठाऊकच नसल्यासारखा तो वागतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुरखेड्याकडचा विशीतला एक मुलगा लघवीतून रक्त जातं म्हणून आला. मूत्रपिंडात गाठ निघाली. नेहमीचा कर्करोग समजून मी अहवाल लिहिला. चाचा दारात घुटमळले.

"म्याडम, त्याच्यातल्या लाल पेशी पाहल्या का? विळ्यावानी वाकल्या आहेत."

"औषधात ठेवल्यावर होतं तसं कधी कधी."

"असंन," म्हणाले आणि थेट वॉर्डात गेले. तासाभराने मुलाच्या रक्ताची, सिकलसेलच्या चाचणीत गढूळ झालेली नळी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पुढच्या तपासणीत मुलगा सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक निघाला. मी नागपूरला माझ्या सरांना फोन केला. वाहकांमध्ये अगदी क्वचित होणारा, मूत्रपिंडाच्या गाभ्यातून उगवून झपाट्याने पसरणारा एक कर्करोग अलीकडेच ओळखला गेला होता. हा तोच होता. मी अहवाल बदलला. मुलगा मात्र पाच महिन्यांत गेला.

त्या दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. आईवडिलांचं रक्त तपासलं तेव्हा आई वाहक निघाली. भरल्या वॉर्डात मी बोलून गेले, "हे आईकडून आलंय." मला म्हणायचं होतं सिकलसेल. नातेवाइकांनी ऐकला कर्करोग.

वर्षभराने त्या गावचा एक रुग्ण आला, त्याच्याकडून चाचांना पुढचं कळलं. मुलाच्या आईशी नवरा बोलत नव्हता. घरचे कुठल्याही शुभकार्याला तिचा हात लागू देत नव्हते.

"म्याडम, तुमी अर्धीच गोष्ट सांगतली," चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं.

"उरलेली अर्धी, कर्करोग कुठून आला ती, अजून कोणालाच माहीत नाही, चाचा."

"मंग माहीत होईपर्यंत हा ब्लॉक मी सांभाळतो."

जुने ब्लॉक टाकून देण्याचे हुकूम दोनदा निघाले. दोन्ही वेळा चाचांनी माझी सही घेऊन तेवढा एक वेगळा काढला. उन्हाळ्यात मेण पाघळू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये हलवायचे. मी मनात हसायचे.

जवळजवळ दहा वर्षांनी सरांचा फोन आला. या कर्करोगात पेशींच्या वाढीला आवर घालणारा एक जीन निकामी झालेला असतो, आणि त्याचं प्रथिन आहे की नाही हे आता रंगवून पाहता येतं, असं ते म्हणाले. चाचांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. त्यांनी त्या ब्लॉकचे काप काढले, मी ते मुंबईला पाठवले. पट्टी रंगून आली. निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी, गाठीतली एकजात कोरी, म्हणजे तिथे ते प्रथिनच नव्हतं. या रोगात हा बिघाड आईबापाकडून येत नाही, मूत्रपिंडातल्या पेशीतच घडतो, हे सरांनी मला दोनदा समजावलं.

"चला," चाचा म्हणाले. "तुमीच बोलल्या होत्या, तुमालेच याव लागंन."

बसने आम्ही गावात पोचलो, तेव्हा त्या घरी मुलीच्या लग्नाचा मांडव उभारला जात होता. बाई मागच्या अंगणात भांडी घासत होती. चाचांनी तिला समोर बोलावलं, नवऱ्यालाही बसवलं. मी माझी चूक सांगितली. जीनचं सांगताना अडखळले, तेव्हा चाचांनी पुढचं हाती घेतलं.

"बाई, पोराले सिकल तुयाकडून गेलं, हे खरं. ते तर अर्ध्या गावात आहे, तरी सारे धडधाकट धान रोवून राह्यले. पन कॅन्सर तू नाई देला. पोराच्या गुर्द्यातल्या एका पेशीत बिघाड झाला. तिथीच झाला. तुयातून नाई आला."

बाईनं विचारलं, "मंग मी काईच नाई केलं?"

"काईच नाई, माय."

ती पदर तोंडाशी धरून रडली. नवरा खाली पाहत मातीत बोट ओढत राहिला. उठताना तिच्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या पोरीले पह्यली हळद तूच लाव."

चाचा पुढच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. धान निघाल्यावर ती बाई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन चंद्रपूरला आली, तेव्हा त्यांचं घर दाखवायला मीच सोबत गेले. चाचा गेल्याचं वाटेत मला सांगवलं नाही. चाची दारात आल्या. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. बाईनं इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरची चाचांची टोपी पाहिली आणि काही न विचारता उंबऱ्यावरच बसली. चाची तिच्याशेजारी टेकल्या. गाठोडं दोघींच्या मध्ये होतं.