पाठमोरी चाल

पोलिसात उभा जन्म गेला, चेहरे पाहिले त्याला गणती नाही. तरी एका प्रकरणातून मनात राहिला आहे तो चेहरा नव्हे, एका मुलीची पाठमोरी चाल.

तेव्हा मी वसईत होतो. पापडीची एक तरुणी तक्रार घेऊन आली. नोकरीला जाताना ती तळ्याच्या कडेने बसथांब्यापर्यंत चालत जाई आणि एक म्हातारा रोज तिच्या मागे येई.

"सर, मी भरभर चालले की तोही भरभर. मी थांबले की थांबतो. बोलत नाही, जवळ येत नाही. पण पावलांवरून कळतं ना, हा माझ्याच मागे आहे!"

कळतंच. त्यासाठी पोलीस व्हावं लागत नाही.

तळ्याजवळच्या बेकरीवाल्याला आम्ही लक्ष ठेवायला सांगितलं. लवकरच त्याने खबर दिली, "साहेब, तुमचा म्हातारा नाक्यावर उभा आहे." साध्या वेशातल्या हवालदाराने त्याला ठाण्यात आणलं. जवळच्या गिरीज गावचा, केळी-भाजीची वाडी असलेला, सकाळी पापडीला भाजी पोचवणारा. नाव-गाव सांगितलं आणि पुढे मिठाची गुळणी धरून बसला.

बेकरीच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहून आमचे हवालदार खूश. "मुलगी वळली की लगेच भिंतीकडे तोंड! मुरलेला आहे, साहेब." हवालदारांना सगळेच मुरलेले दिसायचे, बरणीतल्या लोणच्यासारखे. मी चित्रण पुन्हा लावलं आणि काहीतरी खटकलं. वाईट हेतूचा माणूस रस्ता रिकामा झाला की अंतर कमी करतो, आजूबाजूला बघतो. हा तसं काहीच करत नव्हता. एकदा त्याचा हात हाक मारताना उचलावा तसा अर्धा वर गेला आणि खाली आला. शिवाय मुलीच्या मागे लागलेल्याला तिचं तोंड बघायचं असतं. हा नेमकं तेच टाळत होता.

मागे का जातोस, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. मी विचारलं, "काका, ती वळली की तोंड का फिरवता?"

"तोंड दिसलं की ती माझी पोर राहत नाही, साहेब."

मग ते बोलू लागले. मुलीने आपल्या पसंतीने लग्न ठरवलं, यांनी नको ते बोलून टाकलं. ती बॅग घेऊन केळीच्या रांगांमधून निघाली. डावा हात अंगाशी घट्ट, पावलं आपटत. "फाटकापाशी थबकली हो. मी उठेन असं वाटलं असणार तिला. मी ओटीवरच बसून राहिलो. ही पोरगी तश्शीच चालते. तिच्या मागे चाललो की वाटतं, त्या दिवशी मी उठलो होतो." पुढे म्हणाले, "ही पण घरातून रागावूनच निघते, साहेब. विचारा तिला."

मी त्या तरुणीला ठाण्यात बोलावून घेतलं, त्यांची हकीकत सांगितली आणि विचारलं. ती म्हणाली, "पप्पांशी रोज भांडण होतं. पण यांना कसं कळलं?" डोळे पुसून तिने ठामपणे सांगितलं, "त्यांचं दुःख समजलं, सर. तरी माझ्या मागे चालायचं नाही. रोज जीव मुठीत धरून जायचे मी."

तिचं बरोबरच होतं. म्हाताऱ्यांनी तिला हात जोडले आणि तसं लिहून दिलं. तिनेही तेवढ्यावर तक्रार थांबवली. आता त्यांना घरी न्यायला कुणीतरी हवं होतं. त्यांच्या फोनमध्ये मुलीचा नंबर होता, कधी न लावलेला. ती विरारलाच राहत होती. मी फोन केला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुपारी ठाण्याच्या फाटकापाशी एक बाई येऊन थबकली. म्हाताऱ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि चेहरा नीट दिसायच्या आत त्यांनी तिला ओळखलं. ते खुर्ची घट्ट धरून बसले.

"रागात आहे का हो ती, साहेब?"

माणसाच्या चालीवरून मन ओळखतो, अशी माझी खात्यात ख्याती. मला काही सांगता येईना. मी म्हणालो, "काका, आधी उठा."

ते उठले.

आता निवृत्त होऊन मी संध्याकाळी गॅलरीत बसतो. माझा मुलगा दूर देशी आहे, त्याची चाल ओळखायला इथून काही दिसत नाही. मग रस्त्यावरची माणसं बघतो. कुणी रागारागाने घरातून निघालेलं दिसलं की माझी नजर त्याच्यावर राहत नाही. ती मागे त्या घराच्या दाराकडे जाते, कुणी उठलंय का ते बघायला.