कांतीशेठांची खाऱ्या पाण्याची टाकी

फोन आला तेव्हा मी येडगावच्या मळ्यात द्राक्षांवर औषध मारत होतो. कांतीशेठांच्या दुकानातला माणूस बोलत होता, "भाऊ, शेठ गेले. गादीवर बसल्या बसल्याच..." खरं सांगतो, मला रडू आलं नाही, राग आला. पंधरा दिवस हा माणूस छाती चोळत होता आणि विचारलं की एकच उत्तर, "काही नाही दत्ताराव, गॅस आहे." गॅस! बायकोला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही, नारायणगावात हाकेच्या अंतरावर डॉक्टर, त्याला दाखवलं नाही. का, तर कुणाला त्रास नको! आता दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, "लई गरीब सभाव, कुनाला कधी दुखावलं न्हाई" म्हणतात, चहा पिऊन जातात, आणि मी दातओठ खात बसतो. ह्या गरीब स्वभावानंच त्यांचा घात केला. चारचौघांत असं बोललं तर बरं दिसत नाही, म्हणून इथं लिहितो.

शेठांचं नारायणगावात कापडाचं दुकान. दुकानामागच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी होती, समुद्राच्या पाण्याची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते माल आणायला पुण्याला गेले होते. तिथं एक शोभेचे मासे विकणारा दुकान बंद करत होता आणि त्याचे मासे बादलीत तडफडत होते. शेठ जैन, मुंगी चुकवून पाय टाकणारे. कपड्यांचे गठ्ठे राहिले बाजूला, हे टाकी, समुद्रातले दगड, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि एक समुद्रफूल घेऊन घरी आले. समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण असतो तो जीव. त्याच्या बोटांत ते मासे झोपायचे. मी लुगडं घ्यायला दुकानात गेलो आणि तासभर त्या टाकीसमोर बसलो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी जायला लागलो.

नारायणगावात समुद्र आणायचा कुठून? टोमॅटो घेऊन वाशीला जाणारा टेम्पो परत येताना रिकामा यायचा. शेठांनी त्याच्याकडून चार कॅन भरून आणवले. त्या बाबानं आणलं खाडीचं पाणी! वासानं दुकानात गिऱ्हाईक टिकेना. मग मुंबईहून समुद्री मिठाची पाकिटं यायला लागली. पाण्यातला मळ फेसाबरोबर वर काढायचं नळकांडं मी ठिबकच्या पाइपातून बनवून दिलं. त्याचा मला अजून अभिमान आहे. पण आमचा वैरी होता शेवाळ. काचेवर, दगडांवर, पंपाच्या जाळीत, केसासारखं लांब शेवाळ. टाकीचं पाणी आटेल तेवढं गोडं पाणी भरावं लागतं, ते मी कौतुकानं माझ्या विहिरीचं नेत होतो. शेठांनी एकदा ते तपासणीच्या बाटलीत घेतलं, रंग बघितला आणि हळूच म्हणाले, "दत्ताराव, तुमच्या पाण्याला जोर फार आहे." म्हणजे माझा युरिया विहिरीत उतरलाय आणि शेवाळ त्यावर पोसतंय! पण असं सरळ बोलतील तर ते शेठ कसले. दुसऱ्या रविवारी शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलेलं दिसलं, माझा कॅन मात्र कोपऱ्यात आदरानं ठेवलेला.

त्यांची स्वतःची तऱ्हा आणखी वेगळी. जैनांच्या घरात पाणी गाळतात आणि गाळण्यात अडकलेले जीव जिथून आले त्याच पाण्यात परत सोडतात. शेठ टाकीच्या गाळणीचं फडकं खळखळून धुवायचे... टाकीतच! काढलेली घाण पुन्हा आत. मी कपाळाला हात लावला. "अहो शेठ, शेण काढून परत गोठ्यात टाकल्यावर गोठा स्वच्छ कधी निघायचा?" ते हसले, वाद घातला नाही. पुढच्या वेळी शेजारी खाऱ्या पाण्याचा एक टब मांडला होता, गाळणीतल्या जिवांना वेगळं घर. शेवाळ मारायचं कुठलंही औषध त्यांना चालायचं नाही. दात घासायचा ब्रश घ्यायचा, बाही दंडापर्यंत सारायची आणि एकेक दगड खरवडायचा. दोन तास जायचे. त्या दोन तासांत आम्ही जगातलं सगळं बोलायचो.

एका वर्षी पर्युषण आलं. ते आठ दिवस त्यांच्याकडं हिरवी भाजी चिरत नाहीत. मग शेठ शेवाळालाही हात लावायचे नाहीत! दिवसभर धर्मस्थानात असायचे, म्हणून मला म्हणाले, "रोज चिमूटभर खाणं टाका, बाकी कशाला हात लावू नका." सहाव्या दिवशी टाकीत मासे दिसेनात, नुसतं हिरवं रान. मला वाटलं, शेठ व्रत संपवून येतील आणि हे बघतील, त्यांना काय वाटेल! आमच्या मळ्यात पाण्याच्या हौदात शेवाळ धरलं की मोरचुदाची पुरचुंडी सोडतात, दोन दिवसांत पाणी निवळशंख. मी फडक्यात मोरचूद बांधलं आणि तासभर टाकीत धरलं. मोठा शहाणा ना मी! सकाळी बघतो तर समुद्रफूल आक्रसून लिबलिबीत झालेलं, दगडांबरोबर आलेल्या गोगलगायी काचेवरून गळून तळाला, कोळंबी उताणी. मासे तेवढे वर तोंड काढून धापा टाकत होते. भर उपासाच्या दिवसांत, जीव वाचवणाऱ्या माणसाच्या घरात मी हे करून बसलो. शेठ आले. मी म्हणालो, "राती लाईट गेली व्हती. पंप बंद पडला." त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "लाईटचं काय सांगावं..." त्या जिवांसाठी त्यांनी आणखी एक उपवास धरला.

आणि संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, दरवर्षीप्रमाणे माझ्या दारात! हात जोडून म्हणाले, "दत्ताराव, वर्षभरात जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा." माफ मी करायचं? कबुली माझ्या तोंडाशी आली होती. पण त्यांचे ते जोडलेले हात बघितले आणि मी खुर्ची पुढं ओढली. "बरं बरं, बसा, चहा घ्या," एवढंच म्हणालो. पुढं सात वर्षं रविवारमागून रविवार त्यांच्याशेजारी बसून शेवाळ खरवडलं, दर वेळी ठरवायचो आज सांगतो, आणि सांगितलं नाही. नवं समुद्रफूल आणू म्हटलं की शेठ म्हणायचे, "नको, इथं त्याला जमत नाही." मोरचूद दगडांत मुरलेलं राहतं, हे मला फार उशिरा कळलं.

परवा भाभींनी, म्हणजे शेठांच्या पत्नीनं, बोलावून घेतलं. पोरगा टाकी काढायची म्हणतोय, तुम्ही घेऊन जा. माझा तोल गेला. म्हणालो, "भाभी, मला देऊ नका. ते समुद्रफूल मी मारलंय. लाईट गेलीच नव्हती."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक आहे. पाणी तपासलं तेव्हाच त्यांना समजलं. मी म्हटलं, विचारा की त्यांना. तर म्हणाले, विचारलं तर दत्तारावांना लाज वाटेल आणि ते रविवारी यायचे बंद होतील."

सात वर्षं! त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. अरे, एक शिवी हासडायची होती! "गाढवा, काय केलंस हे?" एवढं बोलला असतास तर मी पाय धरले असते, ओझं उतरलं असतं, आणि मग कदाचित तुझीही जीभ सैल झाली असती, छातीत दुखतंय म्हणाला असतास, मी तुला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं असतं. मला जपायला गप्प बसलास, पोराबाळांना जपायला गप्प बसलास. अशा गप्प बसण्याला लोक पुण्य म्हणतात. मी नाही म्हणणार.

टाकी मी हलवू दिली नाही. रविवारी सकाळी जातो, बाही सारतो, ब्रश घेतो आणि खरवडता खरवडता त्यांच्याशी भांडतो. मोठ्यानं, दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पोरगा पहिल्यांदा धावत आला होता. भाभींनी त्याला हातानं थांबवलं आणि दार लोटून घेतलं.