नऊ कलमांचा जावई

माझे सासरे माणिकराव देवाला अर्ज करायचे. तसे आपण सगळेच करतो. पण ते कागदावर करायचे, उर्दूत, वर ‘बखिदमत हुजूर’ असा मायना आणि खाली तारीख घालून सही.

त्यांचा धंदाच तो होता. गंगाखेडच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली त्यांची बैठक. राज्य निजामाचं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि खेड्यातून येणाऱ्या माणसाला उर्दूचा गंध नाही. तो आपलं गाऱ्हाणं मराठीत रडायचा आणि माणिकराव ते उर्दूत लिहून द्यायचे. एक बुटकं डेस्क, दौत, दोन बोरू, बसायला पोतं. उठून निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते फुकटचा एक सल्ला द्यायचे.

“ध्यानात ठेव, कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा न्हाई. सावकार असो, पाटील असो, तुझा सख्खा बाप असो. कोरा कागद दिला की मान दिली.”

सल्ला सोन्यासारखा होता. त्यानं कितीतरी जणांच्या जमिनी वाचल्या असतील. माणिकराव माणूस भला, देवभीरू, पहाटे उठून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारा. पण त्यांना एक खोड होती. मजकुरात मीठ घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आश्रुबाची एक शेळी पाटलाच्या कुत्र्यानं मारली, तर अर्जात तीन शेळ्या झाल्या आणि त्यातली एक गाभण निघाली. तहसीलदारानं आश्रुबाला विचारलं, तिन्ही शेळ्यांचे रंग सांग. आश्रुबा बिचारा एकाच शेळीचं तोंड, पाठ आणि शेपूट असे तीन रंग सांगून मोकळा झाला. माणिकराव याला खोटं म्हणत नसत. “खोटं येगळं आन् मजकूर येगळा,” म्हणायचे.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे अकरा घरं, आणि मंदिर म्हणजे मातीच्या भिंतींवर पत्रे. रविवारी पाद्रीसाहेब दिनकरराव एखाद्याला प्रार्थना करायला सांगायचे, आणि माणिकराव उठले की बायका लेकरांना मांडीवर निजवून घ्यायच्या, कारण आता वेळ लागणार. “फिदवी माणिकराव वल्द सखाराम, पेशा अर्जनवीस, राहणार कसबा गंगाखेड, गोदावरीच्या अलीकडे,” अशी सुरुवात. फिदवी म्हणजे आपला नम्र सेवक. मी एकदा विचारलं, देवाला पत्ता कशाला सांगायचा?

“गावात तीन माणिकराव हायेत,” ते म्हणाले. “त्यातला एक शिंदी पितो. त्याचा हुकूम मला आन् माझा त्याला, असा घोळ नको.”

घरी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात देवाला केलेल्या अर्जांच्या नकला, लाल फडक्यात बांधलेल्या. मागितलेलं मिळालं की कोपऱ्यात ‘मंजूर’ लिहायचे. पंधरा दिवसांत काही घडलं नाही की स्मरणपत्र. तिसऱ्या स्मरणपत्राची भाषा जरा कडक असायची, असं माझ्या सासूबाई चतुराबाई सांगत.

चव्वेचाळीस साली मी पूर्ण्याहून बदलून गंगाखेडच्या स्टेशनवर तारबाबू म्हणून आलो. पहिल्याच रविवारी मंदिरात सलोमी दिसली, माणिकरावांची एकुलती एक लेक. कुणाची तरी शेळी आत शिरली आणि पाद्रीसाहेबांच्या धोतराचा सोगा चघळू लागली तेव्हा ती हसली. ती हसायची तेव्हा आधी तिचे खांदे हसायचे, तोंडापर्यंत हसू मागाहून यायचं. मी तिथंच संपलो. त्या दिवसाचा उपदेश कशावर होता हे मला आजही सांगता येणार नाही.

पण माझा काही उपयोग नव्हता. सलोमीच्या नवऱ्यासाठीचा अर्ज आधीच देवाकडे गेला होता. त्यात नऊ कलमं होती. उंची पाच फूट आठ इंचांपेक्षा कमी नसावी. मिशनच्या शाळेत नोकरी असावी. आवाज सुरेल असावा. पान खाणारा नसावा. असं करत करत नववं कलम, सासऱ्याचा सल्ला मानणारा असावा. माझी उंची पाच फूट दोन इंच, तीही टोपी घालून. आवाज असा की गाणं सुरू झालं की पाद्रीसाहेब मला पुस्तकं वाटायच्या कामाला लावत. पान खात नव्हतो, एवढंच एक कलम माझ्या बाजूचं. शिवाय अर्जाच्या शेवटी माणिकरावांनी हुकूमही लिहून टाकला होता, परभणीचे किशनराव मास्तर यांचा मुलगा याच्या नावे मंजुरी फर्मावावी. देवानं फक्त शिक्का मारायचा होता.

शिक्क्याची वाट न बघता त्यांनी किशनरावांना पत्र धाडलं. आणि मजकुरात मीठ घातलं. लिहिलं, कन्या इंग्रजी शास्त्र अस्खलित वाचते.

सलोमी मराठी पाचवी शिकलेली. इंग्रजीचं अक्षर तिनं पाहिलं होतं ते फक्त काड्यापेटीवर.

उलट टपाली उत्तर आलं. किशनरावांना फार आनंद झाला होता. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी मुलाला घेऊन येतो, मुलीच्या तोंडून इंग्रजी वाचन ऐकायची मोठी इच्छा आहे. माणिकराव ते पत्र घेऊन थेट स्टेशनवर आले. चेहरा उतरलेला, पण डोकं चालूच.

“इंग्रजी येतं ना तुमाला?”

“तारेपुरतं येतं, काका.”

“तेवढं बास. आठ दिवसांत पोरीकडून एक स्तोत्र पाठ करून घ्या. मेंढपाळाचं घ्या, लहान हाय.”

मी नको म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच्या खोट्याला मी हात लावत होतो, आणि तेही ज्या मुलीवर माझा जीव जडला तिला दुसऱ्याच्या घरी धाडायला. पण आठ संध्याकाळी सलोमीसमोर बसायला मिळणार होतं. मी हो म्हणालो. देवाला विचारलंही नाही, कारण तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

चतुराबाई उंबऱ्यात बसून ज्वारी निवडायच्या आणि आम्ही आत स्तोत्र घोकायचो. माझी पंचाईत अशी की मी इंग्रजी बोललो असेन नसेन, वाचलं ते फक्त तारेत. तारेत वाक्य संपल्याची खूण म्हणून ‘स्टॉप’ लिहितात, तसं ओळ संपली की माझ्या तोंडून आपोआप ‘स्टॉप’ निघायचं. सलोमीनं तेही पाठ केलं. मला वाटलं, सांगू नंतर. नंतर सांगायचं राहून गेलं, कारण पाचव्या संध्याकाळी तिनं मधेच विचारलं,

“तारेत लय थोड्या शब्दांत काय सांगता येतं?”

“येतो,” मी म्हणालो. “एकच शब्द.”

“मग या की,” ती म्हणाली, आणि तिचे खांदे हसायला लागले.

उंबऱ्यात ज्वारी निवडणं थांबलं होतं. मी त्या रात्री स्टेशनवर मालगाडीला दोनदा रामराम केला. पण माणिकरावांना सांगायची छाती मला झाली नाही, आणि बापाचं पडलेलं तोंड तिला बघवेना. शनिवार उजाडला.

किशनराव मास्तर छत्री घेऊन आले, मागे मुलगा. मुलगा पाच फूट दहा इंच, खांबासारखा सरळ, आणि तोंड पानानं लालभडक. माणिकरावांनी त्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच छताकडे बघितलं. पोहे झाले, चहा झाला. मास्तरांनी पिशवीतून जाडजूड इंग्रजी शास्त्र काढलं, मध्येच कुठंतरी उघडलं आणि सलोमीच्या हातात दिलं.

“वाच, बाई. कुठूनही.”

सलोमीनं पानाकडे नजर लावली आणि मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं. एक ओळ, स्टॉप. दुसरी ओळ, स्टॉप. न अडखळता, खणखणीत. माणिकरावांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांना आत्ताच परवाना मिळाला. मी दाराशी उभा राहून ‘स्टॉप’ मोजत होतो. मास्तरांनी चष्मा लावला, मान वाकडी करून पान पाहिलं.

“बाई, हे पान वंशावळीचं आहे. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. यात मेंढरं कुठून आली? आणि ते स्टॉप काय आहे?”

“ती विलायतेतली जुनी पद्धत हाय,” माणिकराव म्हणाले.

सलोमीचे खांदे हलू लागले. तिनं पुस्तक मिटलं.

“बाबा, बास करा आता. मास्तर, मला इंग्रजी येत न्हाई. हे आठ दिवसांत तारबाबूनं पाठ करून घेतलंय. स्टॉप त्यांचं हाय.”

मास्तर हसले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसावा लागला. मुलगाही हसला, आणि त्याच्या तोंडातलं पान सदऱ्यावर आलं. मग मास्तर उठले, छत्री घेतली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले,

“माणिकराव, पोरगी सोन्यासारखी आहे. पण तुम्ही पत्रात आणखीही बरंच लिहिलंय. त्यातलं खरं कोणतं, हे मी आता कुणाला विचारू?”

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. गाडीला निशाण दाखवताना माझं मन एकाच वेळी नाचत होतं आणि लाजत होतं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगतो.

दुसऱ्या दिवशी मंदिरात प्रभूभोजन होतं; मन साफ असणाऱ्यानंच त्यातला भाकरीचा घास घ्यायचा. भाकर माणिकरावांपाशी आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही, खाली मान घालून तशीच पुढे जाऊ दिली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. प्रार्थनेलाही उठले नाहीत. बायकांनी लेकरं निजवायची तयारी केली होती, ती वाया गेली.

सोमवारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो, तर दिनकरराव पाद्री आधीच येऊन बसले होते. समोर पेटी उघडी. पाद्रीसाहेबांना उर्दू येत होतं. ते एकेक कागद वाचत होते आणि मिशीतल्या मिशीत हसू दाबत होते.

“माणिकराव, हे सगळे अर्ज वाचले मी. यात देवाला करायला तुमी काही शिल्लकच ठेवलं न्हाई. अर्ज तुमचा, हुकूम तुमचाच.”

“काम सोपं व्हावं म्हणून, साहेब.”

“आन् हे काय? ‘फिदवी आठ वर्षांपासून नित्य उपास करीत आहे.’ कधी केला उपास?”

माणिकराव लाल फडक्याची गाठ चाचपू लागले. चतुराबाई चुलीपासून म्हणाल्या, “एकदा केला. भाकरी करपली होती त्या दिवशी.”

“म्हणजे देवाच्या अर्जातबी मीठ?”

“थोडंसंच तर हाय, साहेब.”

पाद्रीसाहेबांनी डेस्कावरचा बोरू उचलला. “याच्या टोकात केस अडकला तर काय होतं?”

“अक्षर फुटतं. शाई पसरती. सगळा कागद बरबटतो.”

“केस केवढा असतो?”

माणिकरावांनी बोरू परत घेतला आणि डेस्कावर ठेवला. मग एकदम म्हणाले, “मला भ्या वाटतं हो साहेब. न्हाई सांगितलं तर तो भलतंच काही दील. पोर एकच हाय. आईवाचून तीन दिवस राहिली न्हाई कधी. कुठं पडंल, कोण संभाळंल? म्हणून सगळं लिहून देतो.”

ते ऐकून मला त्यांचा राग उरला नाही. सलोमी भिंतीला टेकून रडत होती आणि या खेपेला तिचे खांदे हसत नव्हते. पाद्रीसाहेब माणिकरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

बऱ्याच वेळानं माणिकरावांनी एक नवा कागद घेतला. बोरू दौतीत बुडवला. आम्हाला वाटलं, झालं सुरू पुन्हा. पण त्यांनी वरचा सगळा कागद सोडला आणि अगदी खाली, कोपऱ्यात, सही केली. तारीख घातली. शाई वाळायला कागद दोन्ही हातांत धरला.

चतुराबाई धावत आल्या. “अवो, कोऱ्या कागदावर सही? उभी हयात लोकायला सांगत आलात, बापालाबी देऊ नका म्हून. हा कोणाला द्यायलात?”

“बापालाच द्यायलोय,” माणिकराव वर आभाळाकडे बोट करून म्हणाले.

कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग त्यांचं लक्ष दारात उभ्या माझ्याकडे गेलं. मी सगळं धैर्य गोळा करून सांगितलं की मला सलोमीशी लग्न करायचंय, स्टॉप. तो शेवटचा शब्द सवयीनं निघाला. माणिकरावांनी मला टाचेपासून टोपीपर्यंत मोजलं. “तुमची उंची...” असं म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. पाद्रीसाहेब आता उघड हसले.

सुगी झाल्यावर आमचं लग्न लागलं. मास्तरांनी परभणीहून सलोमीसाठी इंग्रजी अंकलिपी धाडली, खाली ‘स्टॉप’ लिहून. मंदिर खच्चून भरलं होतं. पाद्रीसाहेबांनी मुलीच्या बापाला प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा लोकांनी एकमेकांकडे बघितलं, मांडी नीट घातली, आणि आश्रुबानं तर डोक्याखाली पागोटं घेतलं.

माणिकराव उठले. खिशातून तो कागद काढला, चष्मा लावला आणि वरून खाली वाचू लागले. मनातल्या मनात, ओळीमागून ओळ, जिथं एकही ओळ नव्हती तिथं. पत्ता नाही, कलमं नाहीत, हुकूम नाही. लेकरंसुद्धा चुपचाप बघत होती. नजर खाली सहीवर पोचली तेव्हा ते म्हणाले, “आमेन.”

शेजारी सलोमीचे खांदे हसायला लागले. मी वर बघितलं तर माणिकरावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तेही हसत होते. त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली.

“जपून ठिवा,” म्हणाले. “यावर काही लिहू नका.”

सलोमीचं आणि माझं सगळं आयुष्य त्या कागदावर गेलं. तो अजून माझ्या पेटीत आहे, कोराच.