खिळ्यावरचा शर्ट

मागच्या महिन्यात एकदा मुलगी ऑफिसातून आली. तिच्या जॅकेटची घडी घालता घालता माझ्या आईने ते नाकाशी नेलं.

आमच्या चाळीत गिरणीचे कपडे घरात आणत नसत, दाराबाहेर खिळ्यावर टांगत. बाबा सुताला खळ लावायच्या खात्यात होते, त्यांच्या शर्टाला आंबूस वास यायचा. शेजारच्या काकांच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा. कुणाचा बाप घरी आलाय, ते आम्हा पोरांना नाकानेच कळायचं. शाळेत मला त्या वासाची लाज वाटे. गिरणी बंद पडली, तरी आईने तो शर्ट कितीतरी महिने धुतला नाही. म्हणायची, "वास आहे तोवर काम आहे." मग तोही उडाला. धुराड्यांचे निदान फोटो तरी उरलेत.

त्याच जागेवरच्या काचेच्या इमारतीत आता मुलगी काम करते. आईने जॅकेटची कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या आणि हळूच विचारलं, "अरे, हिची नोकरी आहे ना?"

"आहे गं," मी जवळजवळ खेकसलोच.

आई आत गेल्यावर मी जॅकेट उचलून हुंगलं. कसलाच वास नव्हता.

तेव्हापासून मी ते रोज हुंगतो.