बेचाळीस मिलिमीटरचं लिंबू

गेल्या वर्षी तीन महिने आमच्या फ्रीजवर एक लिंबू ठेवलेलं होतं आणि घरातल्या सगळ्यांच्या मते ती माझी गाठ होती.

झालं असं की सेहेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी एकदम आडदांडपणा करायला लागली. बंगळूरला आमच्या मल्लेश्वरमच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढताना मी मधेच थांबून जाहिराती वाचायचे (एकच जाहिरात, चार वेळा), कारण दम लागलाय हे कबूल करायची लाज वाटायची. शेवटी सोनोग्राफी झाली आणि गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. डॉक्टरीणबाई बेळगावकडच्या, त्यामुळे सगळं शुद्ध मराठीत ऐकावं लागलं.

"घाबरू नका. साधी गाठ आहे, लिंबाएवढी. पुष्कळ बायकांना असते. पण रक्तस्राव फार होतोय आणि हिमोग्लोबिन आठवर आलंय. लोहाच्या गोळ्या रोज घ्या, नीट जेवा, चाला. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. त्रास वाढला तर लगेच या. गरज पडली तर ऑपरेशन करू."

'ऑपरेशन' या शब्दानंतर त्या आणखी बरंच काही बोलल्या असतील. मला काही ऐकू आलं नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे कुणाला कळेल याची त्याहून जास्त!

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला. (माझं माहेर साताऱ्याचं, पण सासरचे लोक कित्येक पिढ्या बंगळूरचे. त्यामुळे सासूबाईंना अख्खी गल्ली अम्मा म्हणते, आणि मीही.)

"केवढी म्हणाली गाठ?"

"लिंबाएवढी."

"अय्यो! कुठल्या लिंबाएवढी? लोणच्याच्या की सरबताच्या?"

हा प्रश्न मला सुचला नाही याची मला खरंच शरम वाटली. मी एका सरकारी कारखान्याच्या मोजमाप प्रयोगशाळेत तेवीस वर्षं नोकरी करते. इतरांची मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे मी मोजते! रिपोर्टात स्पष्ट लिहिलं होतं, बेचाळीस मिलिमीटर. मी व्हर्निअर कॅलिपर पर्समध्ये टाकला आणि बाजार गाठला.

लिंबंवाल्या अक्कांनी आधी कौतुकानं पाहिलं. माझा कॅलिपर तिसाव्या लिंबाला लागला तेव्हा कौतुक आटलं.

"एष्टु बेकु, मेडम?" किती हवीत?

"ओंदे." एक!

त्या पुढे जे बोलल्या तेवढं कन्नड मला येत नाही, हे बरंच आहे. पण बेचाळीस मिलिमीटरचं लिंबू मिळालं! अम्मांनी ते स्टीलच्या ताटलीत घालून फ्रीजवर ठेवलं. माझा नवरा श्रीकांत व्हाइटफील्डहून दोन तासांचा ट्रॅफिक खाऊन आला, तेव्हा त्याला घटनास्थळी नेऊन दाखवण्यात आलं.

"एवढीच?" तो म्हणाला.

"तुझ्या पोटात ठेवून बघ मग!" अम्मा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. समोरच्या घरातल्या कमलाक्का आणि अम्मा यांची संयुक्त समिती बसली. सकाळी कसल्याशा सालीचा काढा, मग जवसाची पूड, दुपारी नाचणीच्या उकडीचा गोळा (इथे त्याला मुद्दे म्हणतात) आणि पालेभाजी, साखर बंद, मैदा बंद, डब्यात प्लास्टिक बंद. संध्याकाळी एक तास चालणं. रात्री पोटावर एरंडेलात भिजवलेलं फडकं आणि वर गरम पाण्याची पिशवी. मीही हौसेनं सगळं करत होते, कारण मला कुतूहल होतं. खरंच विरघळत असेल का? कशानं? किती वेगानं? मी एक वहीच घातली.

एरंडेल पोटावर थांबत नाही, ते प्रवास करतं. गादी, चादर, श्रीकांतचा ऑफिसचा शर्ट असं करत ते एके दिवशी माझ्या ओढणीबरोबर प्रयोगशाळेत पोचलं. आमच्या प्रयोगशाळेत धूळसुद्धा परवानगी काढून येते! साहेब नाक वर करून वास घेत दोनदा फिरले आणि एसीच्या माणसाला फोन लावायला निघाले.

"सर, एसी ठीक आहे. मी आहे ती."

पुढचा आठवडा मला वेगळ्या खोलीत बसवलं होतं.

पण पंधरा दिवसांनी चमत्कार झाला. सहज म्हणून मी फ्रीजवरच्या लिंबाला कॅलिपर लावला. एकोणचाळीस! लिंबू सुकून बारीक होतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं, मलाही कळत होतं. तरीही मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले, "अम्मा, कमी झालं!"

"बघ! काढा लागू पडला," अम्मा डोळे पुसत म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी मोजणी. सदतीस. पस्तीस. चौतीस. आणि गंमत म्हणजे लिंबू कसं अगदी टवटवीत, पिवळंधमक! सुरकुती म्हणून नाही! मी श्रीकांतला म्हटलंसुद्धा, "बंगळूरची हवाच वेगळी रे, आमच्या साताऱ्याला आठ दिवसांत खडा झाला असता." (तेवीस वर्षं मोजमापात!)

आता एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. लोहाच्या गोळ्यांनी मला मळमळायचं आणि पोटाचं तर बोलायलाच नको. लिंबू अडतिसाच्या खाली उतरलं त्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. उपाय लागू पडतायत तर गोळ्या कशाला? मधून मधून चक्कर यायची, तेव्हा कमलाक्का म्हणायच्या, "अंगातली उष्णता निघतेय. होऊ दे." मी होऊ देत होते.

तीन महिन्यांनी सोनोग्राफीचा आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन मी विजयी मुद्रेनं डॉक्टरांसमोर बसले. शेजारी अम्मा.

"गाठ त्रेचाळीस मिलिमीटर. म्हणजे होती तेवढीच," डॉक्टर म्हणाल्या. "पण हिमोग्लोबिन साडेसहा! गोळ्या घेताय ना?"

"घेते की!" अम्मा म्हणाल्या.

"पण लिंबू एकतीसवर आलंय!" मी म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुठलं लिंबू?"

मग ते सगळं सांगणं आलं. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या, आणि सांगताना मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

"जेवण सुधारलंत, चालता आहात, उत्तम. ते चालूच ठेवा. पण त्यानं गाठ जात नाही. आणि ते लिंबू फ्रीजवर ठेवण्याऐवजी सरबत करून गोळीबरोबर घेतलं असतंत तर लोह तरी अंगी लागलं असतं! असंच रक्त जात राहिलं तर एक दिवस तुम्हाला उचलून आणावं लागेल. कळतंय का?"

परतताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा अम्मा एकदम रडायलाच लागल्या.

"नीला, ते लिंबू ते नव्हतं."

"म्हणजे?"

"पहिलं तर श्रीकांतनं पंधरा दिवसांतच चित्रान्नाच्या भातात पिळलं. त्याला काय कळतंय! मी घरात होतं ते दुसरं ठेवलं, ते स्वल्प लहान होतं. तू मोजलंस आणि तुझं तोंड असं फुललं... कितीतरी दिवसांनी हसलीस. मग मीच दर शनिवारी जरा लहान बघून आणायला लागले. मला काय माहीत, तू गोळ्या सोडशील म्हणून!"

"आणि आधीची लिंबं?"

"भातातच."

म्हणजे माझी गाठ आम्ही सगळ्यांनी मिळून दर आठवड्याला चित्रान्नातून खाल्ली होती! मोजायच्या वस्तूवर आधी खूण करावी, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. नव्या पोरांना तो मी शिकवते. मी हसायला लागले, मग मलाही रडू आलं, आणि रिक्षावाला "सरी, अम्मा, सरी" (असू द्या, असू द्या) म्हणत दोघींची समजूत काढायला लागला. त्या दिवशी मी अम्मांना पहिल्यांदा सांगितलं की मला ऑपरेशनची भयंकर भीती वाटतेय. त्या म्हणाल्या, "मलाही." एवढंच म्हणाल्या, पण मला बरं वाटलं.

त्यानंतर अम्मा रोज समोर उभं राहून मला गोळी गिळायला लावत आणि नंतर "आ कर" म्हणून तपासत. मळमळ होते हे सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली (तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं असतं तर तेव्हाच दिली असती). रक्तस्राव कमी व्हायचं औषधही दिलं. रक्त पुरेसं वर आल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं मीच ठरवलं. झालंसुद्धा. गाठ गेली, आणि आता स्टेशनवरची जाहिरात मी न वाचता वर जाते.

गल्लीतल्या बायका मात्र अजून विचारतात, "केवढी होती हो?" मिलिमीटर सांगून त्यांचं समाधान होत नाही. मग मी दोन्ही हातांची बोटं जुळवते, हवेत एक गोल करते आणि म्हणते, "असेल एवढी!"

कमलाक्का बाजूनं निरखून बघतात आणि सगळ्यांदेखत सांगतात, "परवा याहून मोठी दाखवली होतीस!"