नानांनी छत्तीसचं भोक पाडलं नाही

नानांनी मला चार माणसांत तोंडघशी पाडलं होतं. चार वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आज सकाळी नाना वरंधला, त्यांच्या गावी, वारले.

केमिकल कारखान्यात अशाच कामात हयात घालवून रिटायर झाल्यावर त्यांनी महाड एमआयडीसीच्या गेटबाहेर छोटं वर्कशॉप टाकलं होतं. मी तेव्हा नवी प्रोसेस इंजिनिअर. रिअॅक्टरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या लाइनीसाठी ऑरिफिस प्लेट करून घ्यायला गेले होते. स्टीलची चकती, मधोमध भोक.

भोक मोठं झालं तर पुढचा वाफ धुणारा स्क्रबर पेलणार नाही. लहान झालं तर प्रेशर आतच कोंडणार.

तीन वाजता स्टार्टअप. साहेबांचा दर दहा मिनिटांनी फोन.

नानांनी माझी डेटाशीट वाचली आणि चालू मशीन बंद केलं.

"मॅडम, गॅस कुठला हाय?"

"सॉल्व्हंटची वाफ. लिहिलंय की!"

"मग k एक पॉईंट चार कसा? ह्यो तर नायट्रोजनचा."

मी शीट पुन्हा पाहिली. नायट्रोजन ट्रायलची एक्सेल शीट मी कॉपी केली होती. रेणुभार बदलला, k तसाच राहिला.

k म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर. आमच्या वाफेचा १.१च्या आसपास. तो जास्त धरला की गणिताला वाटतं, गॅस भरपूर जाईल, छत्तीस मिलिमीटरचं लहान भोक पुरे.

पण कबूल कोण करणार?

"नाना, फार तर दीड-दोन मिलिमीटरचा फरक. पाडा छत्तीसचं."

"नाय पाडणार."

"मी सही करते ना!"

"तुझी सही ऑफिसात ऱ्हाते गो. वर माणसं उभी असतात."

फोन पुन्हा वाजला. नानांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "सांग. चूक झालीय म्हण."

सगळं वर्कशॉप बघत होतं. मी सांगितलं. साहेबांचा आवाज स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू गेला.

स्टार्टअप एक दिवस पुढे गेलं. सदतीस पॉईंट सहाची प्लेट बसली. चूक माझी आणि राग मात्र नानांवर, असा माझा उफराटा न्याय.

गेल्या महिन्यात कूलिंगचं पाणी बंद पडलं. रिअॅक्टरचं प्रेशर चढत गेलं. वर रिअॅक्टरच्या प्लॅटफॉर्मवर सहा जण होते. मी कंट्रोल रूममध्ये काट्याकडे बघत होते.

काटा धोक्याच्या लाल रेषेच्या जेमतेम अलीकडे थांबला.

दुसऱ्या दिवशी छत्तीस धरून तेच गणित केलं. उत्तर रेषेच्या पलीकडे आलं.

तशीच वरंधला गेले. नाना अंथरुणाला खिळलेले.

"नाना, त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं असतंत तर..."

त्यांनी एवढंच विचारलं, "माणसं उतरली ना गो खाली?"

"सहाही उतरली."

"मग रडतेस कशाला? च्या घे."

माफी मागूच दिली नाही.

त्या सहा जणांना यातलं काहीच माहीत नाही. म्हणून आज इथे लिहिलं.

त्यांच्या वतीने, नाना, शेवटचा नमस्कार.